जेटचं टाइप रेटिंग स्वतःच्या खर्चानं करावं का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बारामती, गोंदिया, धुळे, नागपूर इथून सीपीएल करून बाहेर पडलेली मुलं-मुली आणि त्यांचे आईवडील मला जे प्रश्न पाठवतात, त्यातले पुन्हा पुन्हा येणारे इथे एकत्र केले आहेत. मी सध्या एअरबस ए३२० उडवते. त्याआधी मी स्वतःच्या, खरं सांगायचं तर वडिलांच्या, पैशांनी बोइंग ७३७चं रेटिंग केलं होतं. ते प्रश्न ६ मध्ये आहे. घाईत असाल तर ४ आणि ८ आधी वाचा.

१. टाइप रेटिंग म्हणजे नक्की काय? सीपीएल मिळाल्यावर जेट उडवता येत नाही का?

नाही. सीपीएल म्हणजे व्यावसायिक वैमानिकाचा परवाना. भारतात त्यासाठी किमान २०० तासांचं उड्डाण लागतं, आणि ते बहुतेकांचं सेसना किंवा डायमंडसारख्या छोट्या विमानांवर झालेलं असतं. ए३२० किंवा ७३७सारखं विमान उडवायचं तर त्या विशिष्ट प्रकारच्या विमानाचं वेगळं प्रशिक्षण घ्यावं लागतं, चाचणी द्यावी लागते आणि डीजीसीए, म्हणजे नागरी विमान वाहतुकीचं सरकारी नियामक कार्यालय, तशी नोंद परवान्यावर करतं. ती नोंद म्हणजे टाइप रेटिंग. जुने लोक अजूनही ‘एंडॉर्समेंट’च म्हणतात.

रेटिंग विमानाच्या प्रकाराला चिकटलेलं असतं. ए३२०चं रेटिंग ए३१९ आणि ए३२१लाही चालतं, मधले फरक तेवढे शिकावे लागतात. पण त्याच रेटिंगवर ७३७ उडवता येत नाही. भरतीच्या जाहिरातींत ‘टीआर’ आणि ‘एनटीआर’ असे दोन गट दिसतात, ते यावरूनच पडलेले: रेटिंग असलेले आणि नसलेले.

२. त्यात शिकवतात काय? एवढे पैसे कशाचे?

दीड-दोन महिन्यांचा कोर्स असतो. आधी वर्गात आणि संगणकावर विमानाच्या यंत्रणा: हायड्रॉलिक, विद्युत, इंधन, फ्लाइट कंट्रोल. मग न हलणाऱ्या ट्रेनरवर कामाचे क्रम. मग फुल फ्लाइट सिम्युलेटर, म्हणजे सगळे जिथे जागे होतात ते सिम. चार-चार तासांची आठ-दहा सत्रं, एका जोडीदाराबरोबर. दोन तास तुम्ही उडवता, दोन तास तो. शेवटी चाचणी.

पैसे मुख्यतः या सिमचेच. एकेका यंत्राची किंमत कोटींत असते आणि ते चोवीस तास चालतं, त्यामुळे स्लॉट रात्री दोनचा मिळाला तर दोनला हजर व्हायचं. माझ्या ए३२०च्या तिसऱ्या सत्राचा स्लॉट असाच होता. टेकऑफच्या धावेत ‘व्ही-वन’ (म्हणजे आता थांबायचं नाही, उडायचंच) ऐकू आलं आणि त्याच क्षणी प्रशिक्षकानं डावं इंजिन बंद केलं. नाक डावीकडे ओढायला लागलं. उजवा पाय रडरवर पूर्ण दाबून मध्यरेषा धरायची असते. माझा पाय क्षणभर उशिरा पडला आणि धावपट्टीच्या कडेचे दिवे चाकांखाली आले. दुसऱ्यांदा पाय वेळेवर पडला. पोटरी थरथरत होती. शेजारचा म्हणाला, ‘पॉझिटिव्ह क्लाइंब’. मी म्हणाले, ‘गिअर अप’. मग ४०० फुटांपर्यंत कशालाही हात लावायचा नाही, फक्त उडवायचं. ते सत्र संपल्यावर शर्ट पाठीला चिकटला होता.

हे एवढ्यासाठी सांगितलं की कोण कधी काय बोलतो, कोणता हात कुठे जातो, हे प्रत्येक विमान कंपनी आपल्या पद्धतीनं ठरवते. बाहेरच्या संस्थेत तुम्ही जे पाठ करता, त्यातलं बरंच कंपनीत आल्यावर विसरून नव्यानं शिकावं लागतं.

३. खर्च किती येतो?

भारतात ए३२० किंवा ७३७साठी साधारण १२ ते २० लाख रुपये, संस्थेप्रमाणे. आकडा ऐकताना चार गोष्टी विचारा. जीएसटी धरला आहे का? चाचणी आणि परीक्षकाचं शुल्क धरलं आहे का? जादा सत्र लागलं तर त्याचा दर काय? आणि खऱ्या विमानावर टेकऑफ-लँडिंगचं बेस ट्रेनिंग लागणार असेल तर ते यात आहे की वेगळं? शेवटच्या प्रश्नाला बऱ्याचदा गुळमुळीत उत्तर मिळतं. तिथे थांबा आणि लेखी मागा. राहणं-जेवणं वेगळं. सिम प्रामुख्यानं गुरुग्राम, ग्रेटर नोएडा, बंगळुरू आणि हैदराबादला आहेत, म्हणजे महाराष्ट्रातल्या मुलांना दोन महिने बाहेर राहणं आलंच.

आता कर्जाचं गणित. १५ लाख, ११ टक्के, सात वर्षं धरली तर हप्ता सुमारे २५,७०० रुपये बसतो. सीपीएलसाठी काढलेलं ५० लाखांचं कर्ज त्याच दरानं दहा वर्षांचं असेल तर त्याचा हप्ता सुमारे ६८,९००. दोन्ही मिळून महिन्याला साडेचौऱ्याण्णव हजारांच्या वर, आणि हे नोकरी लागो न लागो. हप्ते सुरू व्हायच्या आधीच्या काळातही त्या १५ लाखांवर महिन्याला १३,७५० रुपये व्याज चढत असतं.

४. ताई, सरळ सांगा. स्वतःच्या पैशांनी करावं की नाही?

हातात विमान कंपनीचं लेखी निवडपत्र नसेल तर करू नये.

माझं मत त्याहूनही पुढचं आहे. टाइप रेटिंगचा खर्च विमान कंपनीनं करावा आणि त्याबदल्यात वाजवी मुदतीचा बाँड घ्यावा, म्हणजे ‘ठरावीक काळ नोकरीत राहीन, नाही तर प्रशिक्षणाचा खर्च देईन’ असा करार. सीपीएल ही माझी पात्रता. ती मी मिळवायची. पण कंपनीच्या यंत्रावर, कंपनीच्या पद्धतीनं, कंपनीच्या ताफ्यासाठी मला तयार करणं हा कंपनीच्या धंद्याचा खर्च आहे. एसटीत चालक भरती झाला तर त्याला नव्या बसचं प्रशिक्षण महामंडळ देतं. त्याच्या आईचं मंगळसूत्र गहाण पडत नाही.

दुसरी गोष्ट मला जास्त बोचते. रेटिंग खिशातून करायचं ठरलं की चाळणी कौशल्याची राहत नाही, पैशाची होते. सीपीएलपर्यंत कसंबसं पोचलेलं शेतकऱ्याचं पोर तिथे गळतं आणि त्याच्यापेक्षा कच्चं असलेलं, पण घरून १५ लाख आणू शकणारं पोर पुढे जातं. प्रवाशाच्या दृष्टीनंही हे बरं नाही.

आणि तिसरी, सुरक्षिततेची. आमच्या कामात ‘आज मी थकले आहे, मी उडणार नाही’ असं म्हणता आलं पाहिजे. नियमांनी तो हक्क दिला आहे. पण लाखभराचा हप्ता डोक्यावर असलेल्या पंचविशीच्या मुलाला ते वाक्य उच्चारणं किती जड जातं, हे मी कॉकपिटमध्ये शेजारच्या सीटवर पाहिलं आहे. उड्डाण भत्ता तासांवर मिळतो, आणि तास बुडाले की हप्ता लटकतो.

अपवाद आहेत. ते प्रश्न १५ मध्ये.

५. पण टीआर मुलांना आधी घेतात ना? नुसतं बसून राहण्यापेक्षा रेटिंग करून ठेवलेलं काय वाईट?

काही काळ तसं असतं, हे खरं. ताफा झपाट्यानं वाढत असला की कंपनीला तयार माणूस हवा असतो. पण तो काळ कधी सुरू होईल आणि कधी संपेल, हे तुमच्या हातात नाही. भरती थांबली की ‘टीआर’चा अर्थ बदलतो. तुमच्याकडे रेटिंग आहे पण त्या विमानावरचे तास शून्य, आणि रांगेत तुमच्या पुढे बंद पडलेल्या कंपनीतून आलेले हजारो तासांचे वैमानिक.

शिवाय रेटिंगला वापराविना गंज चढतो (प्रश्न १२). मोकळा वेळ आणि थोडे पैसे असतील तर ते निवडचाचणीच्या तयारीवर लावा. लेखी परीक्षा, मानसशास्त्रीय आणि समन्वयाच्या चाचण्या, गटचर्चा, मुलाखत: एनटीआर मुलं तिथे पडतात. फ्लाइंग इन्स्ट्रक्टरचं रेटिंग करून शिकवायला लागणं हाही चांगला रस्ता आहे. तास वाढतात, पगार येतो, हात चालू राहतो.

६. तुम्ही स्वतः काय केलंत?

सांगते, कारण त्यावरूनच मी इतकं ठासून बोलते.

२०१८च्या अखेरीस मी ७३७चं रेटिंग केलं. एका संस्थेनं ‘प्लेसमेंटला मदत करू’ असं तोंडी सांगितलं होतं. वडिलांनी सांगलीजवळचा प्लॉट विकला. तो त्यांनी निवृत्तीनंतर घर बांधायला ठेवला होता, आणि खरेदीखतावर सही करताना ते माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘विमानात बसव एकदा, फिटलं सगळं.’

मार्च २०१९ मध्ये इथिओपियात ७३७ मॅक्सचा दुसरा अपघात झाला आणि जगभर ते विमान जमिनीवर आलं. भारतात त्याला पुन्हा परवानगी मिळाली ती ऑगस्ट २०२१ मध्ये. मॅक्स उभी राहून महिना होतो न होतो तोच, १७ एप्रिल २०१९ला जेट एअरवेजचं शेवटचं विमान उतरलं. जेटचा मोठा ताफा ७३७चाच होता, म्हणजे त्या विमानाचे अनुभवी वैमानिक एका रात्रीत बाजारात आले. मग कोरोना. संस्थेला फोन केला की ‘मॅडम मीटिंगमध्ये आहेत’ असं उत्तर यायचं. सहा महिन्यांनी तेही थांबलं.

मी तीन वर्षं पुण्यात सीपीएलच्या मुलांना नेव्हिगेशन आणि मीटिऑरॉलॉजी शिकवलं. २०२२ मध्ये एका कंपनीनं मला एनटीआर म्हणून निवडलं, ए३२०वर. रेटिंग कंपनीनं केलं, मी बाँड लिहून दिला. माझं ७३७चं रेटिंग त्या मुलाखतीत कुणी विचारलंसुद्धा नाही.

वडील पहिल्यांदा माझ्या विमानात बसले तेव्हा मी पुणे-दिल्लीला होते. प्लॉट गेला तो गेलाच.

७. करायचंच ठरवलं तर ए३२० की ७३७? की एटीआर?

‘कोणतं चांगलं’ हा प्रश्नच बाजूला ठेवा. ज्या कंपनीचं पत्र हातात आहे ती जे उडवते, ते. पत्र नसेल तर प्रश्न ४ पुन्हा वाचा.

चित्र कळावं म्हणून सांगते. इंडिगोचा कणा ए३२० कुटुंबाचा आहे. जून २०२३ मध्ये त्यांनी त्याच कुटुंबाची ५०० विमानं एकदम मागवली. एअर इंडियानं फेब्रुवारी २०२३ मध्ये ४७० विमानांची मागणी जाहीर केली, त्यात २५० एअरबस आणि २२० बोइंग. ऑगस्ट २०२२ मध्ये सुरू झालेली अकासा ७३७ मॅक्सवर चालते. स्पाइसजेट आणि एअर इंडिया एक्सप्रेसकडेही ७३७ आहेत. एवढ्यावरून ‘ए३२० सुरक्षित’ असं समजू नका. गो फर्स्टकडे फक्त ए३२०च होती, तरी ती मे २०२३ मध्ये थांबली. तिचे वैमानिक इतरांकडे सामावले गेले, कारण त्यांच्या लॉगबुकमध्ये तास होते. नुसतं रेटिंग घेऊन उभ्या असलेल्या मुलाकडे ते नसतात.

एटीआर ७२ हे टर्बोप्रॉप, म्हणजे फिरत्या पंख्याचं (प्रोपेलरचं) विमान, जेट नव्हे. पण गोव्याची फ्लाय९१, अलायन्स एअर आणि इंडिगो ते उडवतात, आणि छोट्या धावपट्ट्यांवर दिवसाला चार-पाच फेऱ्या करणारा वैमानिक हातानं उडवायला पक्का होतो. एटीआरची संधी आली तर ‘जेट नाही’ म्हणून नाकारू नका. कोल्हापूर, बेळगावला येणाऱ्या स्टार एअरची एम्ब्राएर विमानं जेट आहेत, पण ते रेटिंग एक-दोन कंपन्यांपुरतंच कामाचं; ते पत्राशिवाय करणं तर मुळीच नको.

८. कंपनीनं निवड केली, पण रेटिंगचे पैसे मलाच भरायला सांगते. हे तरी ठीक का?

माझ्या तत्त्वात हे बसत नाही, पण व्यवहारात पत्राशिवाय करण्यापेक्षा हे कितीतरी बरं. इथे निर्णय पत्रातल्या शब्दांवर घ्या.

‘रेटिंग यशस्वीरीत्या पूर्ण केल्यावर कनिष्ठ फर्स्ट ऑफिसर म्हणून नेमणूक देण्यात येईल’ हे एक वाक्य. ‘कंपनीच्या गरजेनुसार विचार करण्यात येईल’ हे दुसरं. दुसऱ्या वाक्याला १५ लाखांची किंमत नाही. रुजू होण्याची तारीख किंवा किमान मुदत लिहिलेली हवी, आणि त्या मुदतीत रुजू करून घेतलं नाही तर पैसे परत मिळतील का, हेही.

पैसे भरून शिवाय बाँडही मागत असतील तर विचारा: बाँड कशाचा? खर्च मी केला, मग भरपाई कशाची? हा प्रश्न नम्रपणे, पण लेखी विचारता येतो. उत्तर काय येतं, यावरून त्या कंपनीत पुढची दहा वर्षं कशी जातील याचा अंदाज येतो.

पैसे शक्यतो टप्प्याटप्प्यानं द्या: वर्ग सुरू होताना काही, सिम सुरू होताना काही, चाचणीआधी उरलेले. प्रत्येक टप्प्याची पावती घ्या. कंपनीनं नाव दिलेल्या तिसऱ्याच खात्यात, ‘समन्वयक’ म्हणवणाऱ्या माणसाकडे, किंवा रोखीनं एक रुपयाही देऊ नका.

९. बाँड म्हणजे बांधून घेणंच नाही का? त्यापेक्षा पैसे भरून मोकळं राहिलेलं बरं.

मोकळं राहणं दिसतं तेवढं खरं नसतं. २०१७ पासून डीजीसीएच्या नियमानुसार सहवैमानिकाला राजीनाम्यानंतर सहा महिने आणि कमांडरला एक वर्ष नोटिसीचा काळ आहे. म्हणजे पैसे भरलेला वैमानिकही उद्या उठून जाऊ शकत नाही.

कायद्याचं थोडक्यात असं. नोकरी सोडल्यावर दुसरीकडे काम करू नये अशी अट भारतीय करार कायदा, १८७२च्या कलम २७ खाली टिकत नाही. पण नोकरीत असताना ठरावीक काळ राहीन, नाही तर प्रशिक्षणाचा खर्च देईन, ही अट वेगळी. मे २०२५ मध्ये विजया बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं तीन वर्षांआधी सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची अट वैध ठरवली. त्याच वेळी कलम ७४ प्रमाणे भरपाई वाजवीच मिळते. करारात फुगवून लिहिलेला आकडा आपोआप देय होत नाही.

म्हणून बाँडमध्ये बघायचं ते हे: रक्कम खऱ्या खर्चाच्या जवळ आहे का, आणि सेवा होत जाईल तशी ती घटत जाते का. तीन वर्षांच्या बाँडमध्ये दोन वर्षं काढल्यावरही पूर्ण रक्कम मागणारा कागद असेल तर सहीआधी वकिलाला दाखवा. दोन-तीन हजार फी जाईल. परवान्याची किंवा गुणपत्रिकांची मूळ प्रत कोणाकडेही ठेवायला देऊ नका.

१०. कॅडेट प्रोग्रॅममध्ये सीपीएल आणि रेटिंग एकत्रच येतं. तो चांगला की वाईट?

निवड आधी आणि खर्च नंतर, एवढ्यापुरता तो सुट्या रेटिंगपेक्षा सरस. पण एकूण रक्कम कोटीच्या आसपास किंवा वर जाते, आणि मिळणारं पत्र बहुधा सशर्त असतं. अटी वाचा. ठरावीक गुण, पहिल्या प्रयत्नात चाचणी, आणि ‘त्या वेळी जागा असल्यास’. या तिसऱ्या अटीवर जास्त वेळ घालवा.

अमरावतीजवळ बेलोरा विमानतळावर एअर इंडियाची वैमानिक प्रशिक्षण संस्था उभारायचं ठरलं तेव्हा, २०२४ मध्ये, वर्षाला १८० वैमानिक असा आकडा जाहीर झाला होता. विदर्भातले पालक त्याबद्दल खूप विचारतात. घराजवळ संस्था असल्यानं राहण्याचा खर्च वाचेल. शुल्काच्या कागदावरच्या अटी मात्र तितक्याच बारकाईनं वाचाव्या लागतील. नागपूरच्या महाज्योती संस्थेनं इतर मागासवर्गीय आणि भटक्या-विमुक्त गटांतल्या मुलांसाठी नागपूर फ्लाइंग क्लबमध्ये सीपीएलचं प्रशिक्षण राबवलं आहे. पात्र असाल तर तिची जाहिरात येते का, यावर लक्ष ठेवा. सीपीएलचा खर्च असा वाचला तर पुढचं सगळं हलकं होतं.

११. परदेशात वैमानिक स्वतः पैसे भरतात का?

अमेरिकेत सहसा नाही. फेब्रुवारी २००९ मध्ये बफेलोजवळ कोल्गन एअरचं विमान कोसळलं, त्यानंतर तिथल्या संसदेनं कायदा केला आणि २०१३ पासून तिथल्या प्रवासी विमान कंपन्यांत सहवैमानिकालाही साधारण १,५०० तास आणि त्या विमानाचं टाइप रेटिंग लागतं. हे रेटिंग कंपनी नव्या भरतीच्या प्रशिक्षणातच देते. पूर्वी अपवाद होता: साउथवेस्ट बरीच वर्षं ७३७चं रेटिंग असल्याशिवाय रुजू करून घेत नसे, आणि लोक ते स्वतःच्या पैशांनी करत. वैमानिक कमी पडू लागले तशी ती अटही गेली. म्हणजे खर्च कोणी करायचा हे तत्त्वापेक्षा टंचाईवर जास्त ठरतं.

युरोपात चित्र मिसळीचं आहे. २०००च्या दशकात काही स्वस्त कंपन्यांनी निवडलेल्या मुलांकडून तीसेक हजार युरो घेतले. आता बाँडवर रेटिंग देणाऱ्याही बऱ्याच आहेत. याहून वाईट प्रकार म्हणजे ‘पे-टू-फ्लाय’: रेटिंगनंतर प्रवाशांनी भरलेल्या विमानात ३००-५०० तास उडवण्यासाठी वैमानिकानंच कंपनीला पैसे द्यायचे. युरोपियन कॉकपिट असोसिएशननं त्याविरुद्ध उघड भूमिका घेतली आहे. कोणी तुम्हाला आग्नेय आशियातलं असं ‘लाइन ट्रेनिंग पॅकेज’ विकायला आलं तर दारातूनच परत पाठवा. तुम्ही तिकडे पैसे देऊन बसता, ती जागा पगार घेणाऱ्या कोणाची तरी असते.

१२. रेटिंग झालं, नोकरी नाही. ते किती दिवस टिकतं?

परवान्यावरची नोंद पुसली जात नाही, पण ती वापरायची तर ताजेपणा लागतो. नोकरीतल्या वैमानिकांची दर सहा महिन्यांनी सिमवर प्रावीण्य चाचणी होते. तुम्ही बाहेर असाल तर ती नसते, आणि खंड वाढेल तशी पुन्हा रुळावर यायला जास्त सत्रं लागतात. हा खर्चही तुमचाच, काही लाखांत. बऱ्याच मुलांचा इथे दुसऱ्यांदा बळी जातो: ‘१५ लाख घातले आहेत, आता आणखी तीन घालून ताजं ठेवू.’ पत्र नसेल तर घालू नका. नोकरी लागली की त्या वेळी एकदाच रिफ्रेशर करता येईल.

१३. परदेशात स्वस्तात होतं म्हणे. तिथून करून आणलं तर भारतात चालेल?

पैसे भरण्याआधी दोन गोष्टी डीजीसीएच्या यादीत तपासा: ती संस्था मान्य आहे का आणि ते विशिष्ट सिम मान्य आहे का. संस्था मान्य पण सिम नाही, असंही असतं. मग चाचणी कोण घेणार आणि कागद कोण सही करणार हे लेखी घ्या. विमानभाडं, व्हिसा, रुपयाचा भाव धरल्यावर ‘स्वस्त’ बऱ्याचदा संपतं.

युरोपातच नोकरी करायचा विचार असेल तर डिसेंबर २०१९ पासून पहिल्या बहुवैमानिक विमानाच्या रेटिंगआधी ‘अपसेट रिकव्हरी’चं, म्हणजे हाताबाहेर जाऊ लागलेलं विमान सावरण्याचं, प्रगत प्रशिक्षणही लागतं. तो वेगळा कोर्स, वेगळे पैसे.

१४. पैसे भरल्यावर कंपनी बुडाली, किंवा माझंच मेडिकल गेलं, तर?

कंपनी दिवाळखोरीत गेली तर तिच्याकडे आगाऊ भरलेले पैसे मागणारे तुम्ही विनातारण धनको ठरता. बँका आणि इतर तारणवाले पुढे, तुम्ही बरेच मागे. म्हणून पैसे थेट प्रशिक्षण संस्थेला द्यावेत आणि टप्प्यानं द्यावेत (प्रश्न ८). बाँडच्या बाबतीत कंपनीनंच काम थांबवलं किंवा तुम्हाला कमी केलं तर बाँड संपेल, असं वाक्य कागदावर असू द्या.

मेडिकल जाणं हा प्रसंग कोणी बोलून दाखवत नाही. क्लास वन मेडिकल, म्हणजे वैमानिकाचं वैद्यकीय पात्रतेचं प्रमाणपत्र, आज आहे, उद्या नसू शकतं: झटका, मधुमेह, अपघात. बाँडमध्ये ‘वैद्यकीय अपात्रता झाल्यास भरपाई मागितली जाणार नाही’ हे कलम मागा. नोकरी लागताच परवाना गमावल्यास भरपाई देणारा विमा घ्या, पहिल्याच वर्षी, तब्येत उत्तम असताना. स्वतःच्या कर्जावर केलेल्या रेटिंगला मात्र असं कलम नसतं. मेडिकल गेलं तरी बँक हप्ता मागतेच.

१५. मग स्वतः खर्च करणं कधीच बरोबर नाही का?

तीन प्रसंगांत मी ‘कर’ म्हणाले आहे. एकीकडे पक्कं नेमणूकपत्र होतं, रुजू होण्याची तारीख होती आणि पैसे परतीची अटही होती. दुसरा मुलगा नौदलातून निवृत्त झालेला, जवळ हजारो तास होते आणि कंपनीला फक्त कागदावर रेटिंग हवं होतं. त्याचा पहिल्या वर्षीचा पगारच रेटिंगपेक्षा जास्त होणार होता. तिसऱ्या मुलीच्या घरी पैसा खरोखर जास्तीचा होता; तो बुडाला असता तरी कोणाचं घर, लग्न, औषध अडलं नसतं.

यांत कोणाच्याही बाबतीत ‘सगळे करतायत’ हे कारण नव्हतं.

१६. आम्ही पालक आहोत. मुलगा म्हणतो आत्ता नाही केलं तर वय जाईल. राहतं घर गहाण ठेवावं का?

काकू, काका, घर ठेवू नका.

तेवीस-चोवीस वय म्हणजे काही गेलेलं नाही. माझ्याबरोबर तिशीत पहिल्यांदा जेटवर बसलेले लोक आज कॅप्टन आहेत. मुलाला म्हणा, एक वर्ष दे. या वर्षात प्रत्येक एनटीआर भरतीला अर्ज कर, तयारी कर, इन्स्ट्रक्टर हो किंवा ग्राउंड क्लास घे, आणि दर तीन महिन्यांनी आपण बसून बोलू. तो चिडेल. माझे वडील असं म्हणाले असते तर मीही चिडले असते.

आणि तो कुठल्या संस्थेचं माहितीपत्रक घेऊन आला तर त्याच्याबरोबर स्वतः जा. गेल्या दोन वर्षांत रेटिंग केलेल्या पाच मुलांचे नंबर मागा आणि तिथेच, त्यांच्या समोर, फोन लावा.